कुपोषित मूल, निरोगी मूल आणि एक मिली रक्त

कुपोषित मुलाच्या रक्तात अमिनो आम्लं कमी असणार, हे कळायला प्रयोगशाळा कशाला हवी? ताटात डाळ नाही, दूध नाही, अंडं नाही, मग रक्तात प्रथिनांचे सुटे मणी येणार कुठून? वाटतं असं, पण आकडे हातात आले की पंचाईत होते. बरगड्या मोजता येतील इतकं वाळलेलं एक मूल असतं आणि त्याच्या प्लाझ्मातली (रक्तातून पेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रवातली) अमिनो आम्लं शेजारच्या धडधाकट मुलाशी जवळपास जुळतात. दुसऱ्याचे गाल फुगलेले, पावलं सुजलेली, लांबून पाहिलं तर बाळसेदार. त्याच्या रक्तातलं व्हॅलिन हे अमिनो आम्ल मात्र तळाला गेलेलं.

पहिल्या प्रकाराला आपल्याकडे सुकटी म्हणतात आणि दुसऱ्याला सुजवटी. वैद्यकीय नावं मरास्मस आणि क्वाशिओरकर. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ मध्ये गोल्ड कोस्टात, म्हणजे आजच्या घानात, या सुजलेल्या मुलांचं वर्णन लिहिलं आणि १९३५ मध्ये तिथल्या गा भाषेतलं नाव वैद्यकात आणलं. पाठचं भावंड आलं आणि अंगावरचं दूध तुटलं की थोरल्याला होणारा आजार, असा त्या शब्दाचा अर्थ.

एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. मूल कुपोषित आहे का, हे ठरवायला अमिनो आम्लं मोजायची गरज नसते. सहा महिने ते पाच वर्षं या वयात दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, किंवा उंचीच्या मानाने वजन उणे ३ एसडीच्या (प्रमाणित विचलनाच्या) खाली गेलं, किंवा दोन्ही पावलांवर अंगठा दाबल्यावर खळगा तसाच राहिला, यातलं एकही पुरेसं आहे. मूल सॅममध्ये, म्हणजे अतितीव्र कुपोषणात गेलं. अंगणवाडीतली रंगीत पट्टी हे काम काही सेकंदांत करते. रक्तातली अमिनो आम्लं मोजायची ती वेगळ्या प्रश्नासाठी: उपासमार सारखीच असताना एक शरीर सुकतं आणि दुसरं सुजतं ते का, आणि उंची खुंटते तेव्हा नेमकं कशाची वानवा असते. हा प्रश्न नसेल तर मुलाला सुई टोचू नये.

कंपालाचं गुणोत्तर

या विषयातलं मला सर्वात आवडणारं काम युगांडातलं आहे. कंपालाच्या मुलागो रुग्णालयाशेजारी ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलचं बालकुपोषण केंद्र होतं. तिथे आर. जी. व्हाइटहेड यांनी १९६४ मध्ये एक सोपी पद्धत मांडली. त्या काळी अमिनो आम्लं नीट मोजायची तर मूर, स्पॅकमन आणि स्टाइन यांनी १९५८ मध्ये मांडलेलं स्वयंचलित यंत्र लागे. ते महाग, एका नमुन्याला तासन् तास घेणारं आणि रक्तही बरंच मागणारं. व्हाइटहेड यांनी बोटाच्या टोकाचं थोडंसं रक्त घेतलं, कागदी क्रोमॅटोग्राफी केली, म्हणजे कागदावर अमिनो आम्लं एकमेकांपासून वेगळी केली, निनहायड्रिनने रंग आणला आणि फक्त दोन गट मोजले. एकात ग्लायसिन, सेरिन, ग्लुटामिन आणि टॉरिन. दुसऱ्यात ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन आणि मेथिओनिन. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. निरोगी मुलांत उत्तर २ च्या खाली, उघड सुजवटीत ३.५ च्या वर. मधला पट्टा अजून सूज न दिसणाऱ्या पण त्या वाटेला लागलेल्या मुलांचा.

यातली खुबी भागाकारात आहे. बोटातून येणारा थेंब कधी नेमका मोजता येत नाही. कधी केशनळी अर्धवट भरते, कधी बोट दाबल्याने पेशींमधलं पाणी मिसळतं, कधी मूल हात ओढतं. पण अंश आणि छेद दोन्ही एकाच थेंबातले असल्यामुळे थेंब लहान निघाला तरी गुणोत्तर तेच राहतं.

समजण्यापुरते गोल आकडे घेऊ, लिटरमागे मायक्रोमोलमध्ये. एका निरोगी मुलात ग्लायसिन २००, सेरिन १२०, ग्लुटामिन ५०० आणि टॉरिन ६०. बेरीज ८८०. ल्युसिन ११०, आयसोल्युसिन ६०, व्हॅलिन २०० आणि मेथिओनिन २२. बेरीज ३९२. भागाकार २.२. सुजवटीच्या मुलात वरची बेरीज साधारण तेवढीच, समजा ९५०. खाली मात्र ल्युसिन ४५, आयसोल्युसिन २५, व्हॅलिन ६०, मेथिओनिन ९, म्हणजे १३९. भागाकार ६.८. फरक डोळ्यांत भरतो, आणि तो जवळजवळ सगळा छेदातून आलाय.

आता त्याच निरोगी मुलाचा नमुना खोलीच्या तापमानाला पडून राहिला आणि त्यातलं १०० मायक्रोमोल ग्लुटामिन ग्लुटामेटमध्ये गेलं, तर गुणोत्तर २ वर उतरतं. उलट रक्त गोठू देऊन सिरम घेतलं आणि प्लेटलेटमधून ६० मायक्रोमोल टॉरिन बाहेर पडलं, तर ते २.४ होतं. मूल तेच, रक्त तेच, फक्त टेबलावरची हाताळणी वेगळी. गुणोत्तर आकारमानाची चूक पोटात घालतं, हाताळणीची नाही.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट लपलीय. निरोगी मूलच २.२ वर बसलंय, म्हणजे व्हाइटहेडच्या रेषेच्या वर! ती रेषा त्यांच्या कागदाची आणि निनहायड्रिनच्या रंगाची होती. वेगवेगळी अमिनो आम्लं मोलांत तेवढीच असली तरी त्यांचा रंग एकसारखा चढत नाही. आजच्या यंत्रावरचे मायक्रोमोल त्या २ आणि ३.५ च्या चौकटीत कोंबणं ही चूक अजूनही प्रबंधांमध्ये सापडते. गुणोत्तर वापरायचं तर आपल्या यंत्रावर, आपल्या भागातल्या निरोगी मुलांची रेषा आपणच आखायची.

सुकटीत रक्त का फसवतं

व्हाइटहेडचं गुणोत्तर सुकटीत बहुधा वाढत नाही. कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचे निम्मे गोंधळ तिथूनच निघतात.

युगांडातल्या मुलांचं मुख्य अन्न मटोके, म्हणजे शिजवलेली हिरवी केळी. पिष्ट पुरेसं, प्रथिनं अगदी नावाला. अशा जेवणाने इन्सुलिन वर राहतं आणि ते रक्तातली शाखायुक्त अमिनो आम्लं, म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन, स्नायूंकडे ढकलतं. रक्त रिकामं, स्नायू बऱ्यापैकी शाबूत, यकृताला अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, बनवायला माल नाही. गांबियात, जिथे त्याच गटाने नंतर काम केलं, चित्र उलटं होतं. एकूण ऊर्जाच कमी, त्यात वरचेवर जुलाब आणि ताप. इन्सुलिन खाली, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वर. स्नायू मोडत राहतात आणि त्यांचे मणी रक्तात ओतले जातात. रक्ताचा आकडा ठीक दिसतो कारण मूल स्वतःचेच स्नायू खर्चून तो ठीक ठेवत असतं.

शरीरातल्या सगळ्या प्रथिनांच्या मानाने प्लाझ्मातली सुटी अमिनो आम्लं हा अगदी क्षुल्लक भाग असतो. टाकीतल्या पाण्याचा अंदाज नळाच्या धारेवरून बांधण्यासारखंच हे. टाकीत किती येतंय आणि किती जातंय हे हवं असेल तर स्थिर समस्थानिक (थोडा जड, पण किरणोत्सर्ग न करणारा अणू) लावलेलं ल्युसिन किंवा मेथिओनिन शिरेतून देऊन त्याची पातळी किती पातळ होते ते बघावं लागतं. जमैकातल्या गटाने सुजलेल्या मुलांत सिस्टीन आणि ग्लुटाथायोन (शरीर स्वतःच बनवतं तो अँटिऑक्सिडंट) यांची निर्मिती याच मार्गाने मोजली.

आहारातला फरक म्हणजे सगळं उत्तर, असंही मानून चालत नाही. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतून, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतून, सी. गोपालन यांनी १९६८ मध्ये दाखवलं की सुकटी झालेल्या आणि सुजवटी झालेल्या मुलांच्या आधीच्या आहारात प्रथिनांचा ठळक फरक नव्हता. एक शरीर उपासमारीशी जुळवून घेतं, दुसऱ्याचं जुळवून घेणं कोलमडतं, असं त्यांचं म्हणणं. मलावीत २,३७२ मुलांना अँटिऑक्सिडंट देऊन सूज टळते का तेही पाहून झालं. २००५ मध्ये निकाल आला: टळत नाही.

निरोगी म्हणजे कोण?

कुपोषित मुलाची व्याख्या पट्टीवर छापलेली असते. निरोगी मुलाची कुठेच नसते, आणि अभ्यास बहुतेकदा तिथेच घसरतो. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांची मुलं सोपी पडतात म्हणून तुलनेला घेतली, तर फरक कुपोषणाचा की पगाराचा हे सांगता येत नाही. तुलनेचं मूल त्याच पाड्यावरचं, त्याच वयाचं, साधारण तेच धान्य खाणारं हवं. अठरा महिन्यांच्या मुलासमोर चार वर्षांचं चालत नाही. अंगावर पिणारं आणि न पिणारं मूल एका गटात टाकू नये, कारण आईचं दूध हाच कित्येकांचा चांगल्या प्रथिनांचा एकमेव स्रोत असतो.

मुख्य धान्याचा मुद्दा आपल्याकडे विशेष लागू पडतो. ज्वारीत ल्युसिन भरपूर आणि लायसिन तुटपुंजं. दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्यांत पेलाग्रा (नियासिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार) का दिसायचा, याचा संबंध गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये या ल्युसिनशी जोडला होता. तेव्हा सोलापूरकडचं ज्वारी खाणारं मूल आणि पालघरचं भात-नाचणी खाणारं मूल यांची ल्युसिनवरून तुलना करायची नाही, दोघंही धडधाकट असली तरी.

ताप, जुलाब, हिवताप हा पुढचा काटा. संसर्गात फेनिलअलॅनिन वर जातं आणि फेनिलअलॅनिन-टायरोसिन गुणोत्तर वाढतं. सुजवटीतही तेच गुणोत्तर वाढतं, कारण फेनिलअलॅनिनपासून टायरोसिन बनवण्याचं यकृताचं काम मंदावतं. गंभीर हिवतापात आर्जिनिन खाली येतं. म्हणून प्रत्येक मुलात, निरोगी गटातसुद्धा, सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन मोजायचं आणि हिवतापाची चाचणी करायची. सीआरपीसाठी पुन्हा सुई लागत नाही, त्याच नळीतला थेंब पुरतो.

शेवटचं जेवण कधी झालं?

मोठ्या माणसाची अमिनो आम्लं रात्रभराच्या उपासानंतर मोजतात. हाच नियम सॅम मुलाला लावणं धोक्याचं आहे. त्याच्या यकृतात साठा नसतो, काही तासांत साखर डेसिलिटरमागे ५४ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते, म्हणून त्याला रात्रीही दर दोन-तीन तासांनी एफ-७५ हे उपचाराच्या सुरुवातीचं दूध पाजतात. चाचणीसाठी एकही फीड चुकवायचं नाही. रक्त घ्यायचं ते पुढचं फीड देण्याच्या अगदी आधी.

मग निरोगी मुलाचं काय? त्याला आई सकाळी उपाशी घेऊन आली तर दहा तासांचा उपास विरुद्ध तीन तासांचं अंतर अशी विजोड जोडी होते. उपासाच्या सुरुवातीच्या काळात शाखायुक्त अमिनो आम्लं उलट चढतात आणि अलॅनिन उतरतं. म्हणजे निरोगी मुलाचं व्हॅलिन उपासानेच वर गेलं आणि आपण ते पोषणाच्या खात्यावर मांडलं, असं होतं. म्हणून निरोगी मुलालाही तीन तास आधी ठरलेलं, मोजलेलं खाणं द्यायचं आणि रक्त त्याच अंतराने घ्यायचं.

दाखल होताना पहिल्या तासात काय दिलं, ही नोंद सर्वाधिक वेळा राहून जाते. साखर उतरलेल्या मुलाला लगेच १० टक्के ग्लुकोजचं ५० मिली पाणी पाजतात, बेशुद्ध असेल तर किलोमागे ५ मिली शिरेतून देतात. ते द्यायलाच हवं. पण त्यामागोमाग इन्सुलिन उसळतं आणि शाखायुक्त अमिनो आम्लं बघता बघता खाली येतात. त्यानंतर तासाभरात काढलेलं रक्त सुकटीच्या मुलालाही सुजवटीसारखं दाखवू शकतं. ग्लुकोज दिलं की नाही, किती वाजता दिलं, हा रकाना नोंदपत्रावर सुई टोचल्याच्या वेळेशेजारीच हवा.

सुईपासून फ्रीझरपर्यंत

सहा किलोच्या मुलात साधारण ४८० मिली रक्त असतं. एका दिवसात एकूण रक्ताच्या १ ते ५ टक्के ही मर्यादा सर्वसाधारणपणे मानतात. आजारी आणि फिकट मुलात खालच्या टोकालाच राहायचं, म्हणजे ४–५ मिलीच्या आत, आणि त्यात उपचारासाठी लागणाऱ्या सगळ्या तपासण्याही आल्या. अमिनो आम्लांसाठी १ मिली पुरतं. त्यातून अर्धा मिली प्लाझ्मा निघतो.

नळी लिथियम हेपॅरिनची घ्यावी, त्याने रक्त गोठत नाही. ईडीटीए या दुसऱ्या गोठणरोधकाच्या नळीत कधी कधी निनहायड्रिनला रंग देणारी अशुद्धी असते, जुन्या पद्धतीच्या यंत्रावर ती आलेखात नसतं शिखर उभं करते. हेपॅरिनमध्ये टिकाऊपणासाठी मेटाबायसल्फाइट घातलेलं नाही ना, हे खोक्यावर वाचून घ्यायचं. त्याने सिस्टीनची मोजणी बिघडते. नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करायची, हलवायची नाही.

लाल पेशी फुटणं हा या कामातला सर्वात मोठा शत्रू. त्यांच्यातून ॲस्पार्टेट आणि ग्लुटामेट बाहेर पडतं. शिवाय आर्जिनेज हे विकर सुटतं, ते आर्जिनिन तोडून ऑर्निथिन बनवतं आणि नळीत पडल्या पडल्याही काम चालू ठेवतं. वाळलेल्या मुलाची शीर बारीक असते, बारीक सुईतून जोरात ओढलं की पेशी फुटतात. प्लाझ्मा गुलाबी दिसला की ॲस्पार्टेट, ग्लुटामेट, आर्जिनिन, ऑर्निथिन यांचे आकडे खोडायचे. कुपोषित गटातच शीर सापडायला त्रास होतो, त्यामुळे गुलाबी नमुनेही त्याच गटात जास्त पडतात. मग "कुपोषणात आर्जिनिन कमी" असा निष्कर्ष सुईने काढलेला असतो.

नळी लगेच बर्फाच्या पाण्यात. नुसत्या बर्फाच्या तुकड्यांवर ठेवली तर काचेला लागलेला थर गोठतो आणि पुन्हा तीच फुटाफूट. आरोग्य केंद्रातली लस नेण्याची पेटी या कामाला उत्तम चालते, पण आइसपॅक फ्रीझरमधून थेट काढलेले नकोत. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत ते बाहेर ठेवायचे, लशीसाठी ठेवतात तसेच.

अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज, ४ अंशांवर, २,००० जी, दहा मिनिटं. इथे फेरे आणि जी (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट बल) यांची गल्लत हमखास होते. रोटरची त्रिज्या ८ सेंटिमीटर असेल तर २,००० जी साठी मिनिटाला सुमारे ४,७०० फेरे लागतात. त्याच यंत्रावर ३,००० फेरे म्हणजे फक्त ८०० जी, आणि प्लेटलेट प्लाझ्मातच तरंगत राहतात. गोठवल्यावर त्या फुटतात आणि टॉरिन वाढवून ठेवतात. पिपेटने वरचा प्लाझ्मा घ्यायचा, पांढऱ्या थराच्या वर तीन-चार मिलिमीटर सोडून द्यायचे. अर्धा मिलीतले शेवटचे थेंब ओढायचा मोह होतोच. तो आवरायचा.

साठवण उणे ८० अंशांवर. घरगुती धाटणीचा आपोआप बर्फ वितळवणारा उणे २० चा फ्रीझर यासाठी वाईट, तो रोज थोडा गरम होऊन पुन्हा गार होतो. उणे ८० हाताशी नसेल तर प्रथिनं आधी काढून टाकायची आणि मग गोठवायचं. विशेषतः सिस्टीनसाठी, कारण ते वेळ जाईल तसं प्लाझ्मातल्या प्रथिनांना चिकटत जातं आणि त्यांच्याबरोबर गाळात जातं.

प्रथिनं काढायला सल्फोसॅलिसिलिक आम्ल: ४०० मायक्रोलिटर प्लाझ्मात १५ टक्क्यांचं १०० मायक्रोलिटर, म्हणजे शेवटी ३ टक्के. ढवळायचं, बर्फात दहा मिनिटं, मग १०,००० जी वर दहा मिनिटं. अंतर्गत प्रमाण, म्हणजे तुलनेसाठी मोजून घातलेला पदार्थ, म्हणून नॉरल्युसिन टाकतात, ते आम्ल घालण्याआधी टाकलेलं चांगलं. त्याचं कारण कुपोषणातच आहे. निरोगी प्लाझ्मात लिटरला ७० ग्रॅम प्रथिनं असतात, सुजलेल्या मुलात ४० सुद्धा असू शकतात. प्रथिनांनी व्यापलेली जागा कमी म्हणून पाण्याची जागा साधारण दोन टक्क्यांनी जास्त. तेवढ्याने वरच्या स्वच्छ द्रवातला आकडा एका गटात खाली सरकतो. दोन टक्के फार नाहीत, पण चूक नेहमी एकाच दिशेची असते. आधी टाकलेलं नॉरल्युसिन ती भरून काढतं.

यंत्र

यंत्राबद्दल थोडक्यात, कारण तिथे चुका कमी होतात. आयन विनिमय यंत्रावर रक्तासाठी लिथियम सायट्रेटचे बफर लागतात. सोडियमचे बफर धान्याच्या प्रथिनांसाठी ठीक, पण रक्तातलं ग्लुटामिन आणि ॲस्परॅजिन शेजारच्या शिखरांत मिसळतात. रंग ५७० नॅनोमीटरवर वाचायचा, प्रोलिन मात्र ४४० वर. ओपीए (अमिनो आम्लांना चकाकी आणणारं रसायन) वापरून एचपीएलसी, म्हणजे द्रव क्रोमॅटोग्राफी, केली तर प्रोलिन दिसतच नाही, आणि चकाकी झपाट्याने उतरते म्हणून मिसळल्यापासून नमुना यंत्रात सोडेपर्यंतची मिनिटं प्रत्येक नमुन्यात सारखीच हवीत.

मास स्पेक्ट्रोमीटर वेगवान आहे, पण वस्तुमानावर आंधळा विश्वास नको. ल्युसिन आणि आयसोल्युसिनचं वस्तुमान तंतोतंत एकच. ग्लुटामिन आणि लायसिन दोन्ही १४७ वर दिसतात आणि दोन्ही तुटून १३० आणि ८४ चे तुकडे देतात. स्तंभावर त्यांना वेळेने वेगळं केलं नाही, तर भरपूर असलेलं ग्लुटामिन लायसिनच्या खात्यात जमा होतं. धान्यावर जगणाऱ्या मुलात लायसिनचाच प्रश्न विचारायचा असतो, तेव्हा ही चूक परवडत नाही. प्रत्येक अमिनो आम्लाचं समस्थानिक प्रमाण घालावं. आणि कुपोषित व निरोगी नमुने एकाच प्लेटवर, चिठ्ठ्या टाकून मिसळून लावावेत, दर दहा नमुन्यांमागे एक सामायिक नमुना घालून. कुपोषित मार्चमध्ये आणि निरोगी जूनमध्ये लावले, तर मोजला जाईल तो दोन महिन्यांमधल्या यंत्राच्या तब्येतीतला फरक.

कागदावर वाळवलेला थेंब

मेळघाट किंवा नंदुरबारच्या पाड्यावरून उणे ८० ची साखळी सांभाळणं अवघड, म्हणून नवजात बाळांच्या तपासणीत वापरतात तो ९०३ क्रमांकाचा जाड गाळणकागद मोहात पाडतो. टाच किंवा बोट साबणाने धुवायचं, पूर्ण सुकू द्यायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा वर्तुळात एकदाच सोडायचा. एकावर एक थेंब नको. कागदाला वर्तुळाच्या आत बोट लावायचं नाही, आपलंही आणि मुलाचंही. घामात सेरिन आणि ग्लायसिन भरपूर असतं आणि ते थेट अंशात जाऊन बसतं. आडवा ठेवून सावलीत तीन-चार तास वाळवायचा, माश्यांपासून झाकून, पण हवा लागेल असा. मग ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालून पिशवीत बंद. कोकणातल्या जुलैत हे सगळं करूनही कागद दमट राहतो, तिथे पुड्यांचा रंग रोज बघावा.

या थेंबाची अडचण हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाची आहे. पंडुरोगी मुलाचं रक्त पातळ, ते कागदावर जास्त पसरतं, आणि कागदातून कापून घेतलेल्या ३.२ मिलिमीटरच्या गोल ठशात कमी रक्त येतं. सगळी अमिनो आम्लं एकदम थोडी कमी दिसतात. सॅम मुलांत पंडुरोग भरपूर, म्हणजे पुन्हा चूक एकाच बाजूला. इथे व्हाइटहेडचा भागाकार साठ वर्षांनीही मदतीला येतो, कारण ठशात रक्त कमी आलं तरी अंश आणि छेद सारखेच कमी होतात. मात्र नवजात तपासणीच्या ठरीव पद्धतीत ल्युसिन आणि आयसोल्युसिन एकत्रच मोजतात. त्या बेरजेत हायड्रॉक्सिप्रोलिनही शिरतं, हे विसरू नये.

आकडे वाचताना

मलावीच्या ग्रामीण दक्षिण भागातल्या १२ ते ५९ महिन्यांच्या ३१३ मुलांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतली ६२ टक्के मुलं खुरटलेली होती, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी. त्यांच्या सिरममध्ये नऊच्या नऊ आवश्यक अमिनो आम्लं इतरांपेक्षा कमी निघाली. पेशींमधला एमटॉर नावाचा स्विच अमिनो आम्लांची चणचण लागली की वाढीची कामं थांबवतो, त्यामुळे हा निष्कर्ष बराच गाजला. पण ही मुलं एकाच वेळी तपासलेली होती. कमी अमिनो आम्लांमुळे उंची खुंटली, की ज्या आतड्यामुळे उंची खुंटली त्याच आतड्याने अमिनो आम्लंही नीट शोषली नाहीत, हे अशा एका मोजणीतून सांगता येत नाही. सिट्रुलिन बघितलं तर थोडा अंदाज येतो, कारण ते मुख्यतः लहान आतड्याच्या पेशींतच बनतं.

ट्रिप्टोफॅन वाचताना अल्ब्युमिन शेजारी ठेवायचं. प्लाझ्मातलं बहुतेक ट्रिप्टोफॅन अल्ब्युमिनला बांधलेलं असतं. सुजलेल्या मुलात अल्ब्युमिनच निम्म्यावर आलं, तर एकूण ट्रिप्टोफॅन उतरणारच, पेशींना मिळणारं सुटं ट्रिप्टोफॅन तितकं उतरलेलं नसलं तरी. शिवाय सल्फोसॅलिसिलिक आम्लाने त्यातलं काही गाळात जातं. ट्रिप्टोफॅन हा मुख्य प्रश्न असेल तर प्रथिनं मेथॅनॉलने काढायची आणि सुटं व एकूण वेगळं मोजायचं.

सर्वात चांगली तुलना म्हणजे तेच मूल, उपचाराआधी आणि नंतर. गाव, घर, धान्य, आई सगळं तेच. पण इथेही दुसरा नमुना कधी घ्यायचा हे बघावं लागतं. एफ-७५ च्या १०० मिलीत ०.९ ग्रॅम प्रथिनं, पुढच्या टप्प्यात देतात त्या एफ-१०० दुधात २.९. दिवसाला किलोमागे १३० मिली एफ-७५ म्हणजे जेमतेम १.२ ग्रॅम प्रथिनं. आठवड्याभराने किलोमागे २०० मिली एफ-१०० पिणाऱ्या त्याच मुलाच्या पोटात ५.८ ग्रॅम जातात, तीही दुधाची. व्हॅलिन आणि ल्युसिन काही दिवसांतच भरून येतात, दंड मात्र अजून काडीसारखाच असतो. त्या दिवशीचं रक्त दुधाबद्दल सांगतं, मुलाबद्दल नाही. घरी सोडल्यावर, तयार पोषण-पाकीट बंद होऊन घरचं जेवण सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, पहिल्या वेळी ठेवलेलं होतं तितकंच जेवणानंतरचं अंतर ठेवून दुसरा नमुना घ्यावा. तोवर निम्मी कुटुंबं ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर निघून गेलेली असतात, म्हणून दाखल करताना पुढच्या चार महिन्यांत कुठे जाणार हे विचारून ठेवायचं आणि नमुना तिथे जाऊन घ्यायची तयारी ठेवायची.